आईच्या सहीची मार्कशीट: होमस्कूल ट्रान्सक्रिप्टची ऑनलाइन सेवा कितपत कामाची?

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. मूल नववीत असेल तर घरी शिकणाऱ्या मुलाची गुणपत्रिका, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, बनवून देणारी ही सेवा घ्या. मूल बारावीत असेल आणि कॉलेजचे अर्ज तोंडावर आले असतील तर साधी एक्सेल शीट पुरते, पैसे वाचवा. आणि वेबसाइटच्या शेवटच्या पानावर डिप्लोमाचं, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राचं, जे चकचकीत जोडपॅकेज गळ्यात मारायला बघतात, ते कुठल्याही वर्षी घेऊ नका. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला अर्धा त्यांच्या हेल्पडेस्कवरच्या बाईंचा.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अमेरिकेत होमस्कूलवाल्यांना ट्रान्सक्रिप्ट बनवून देणाऱ्या अशा बऱ्याच वेबसाइट आहेत आणि सगळ्यांचा साचा जवळजवळ एकच: वर्षाची वर्गणी भरा, विषय, क्रेडिट (विषयाला दिलेल्या तासांचं माप) आणि ग्रेड टाका, जीपीए (क्रेडिटच्या हिशेबाने ग्रेडची सरासरी) आपोआप निघतो, पीडीएफ डाउनलोड करा. मी एकाबद्दल लिहिते आहे, पण बाकीच्यांना हेच निकष लावून बघायला हरकत नाही.

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. थोरलीला आठवीपासून घरी शिकवलं. शाळेतून का काढलं हा वेगळा विषय आहे आणि आमच्याकडच्या गणपतीत त्यावर पुरेशी चर्चा होऊन गेलेली आहे. लग्नाआधी मी सांगलीत एका पतसंस्थेत अंतर्गत हिशेब तपासणीचं काम करायचे. व्हाउचर नसलेली नोंद मला तेव्हाही खपायची नाही, आताही खपत नाही. या सेवेकडे मी त्याच नजरेने पाहिलं आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

टेक्सासचा कायदा आधी समजून घ्यायला हवा, नाहीतर या कागदांची गरज का पडते तेच कळत नाही. लीपर विरुद्ध आर्लिंग्टन या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली होमस्कूलला खाजगी शाळेच्या पंक्तीत बसवलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं प्रामाणिकपणे, लिखित अभ्यासक्रमातून शिकवा, बस. राज्याकडे नोंदणी नाही, तपासणीला येणारा साहेब नाही, वर्षाअखेरची सक्तीची परीक्षा नाही. ऐकायला फार छान वाटतं. पण जे सरकार तुमच्याकडे काही मागत नाही, ते तुम्हाला काही देतही नाही. दहावीचा बोर्डाचा कागद नाही, बारावीची गुणपत्रिका नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही. शाळा तुम्हीच, मुख्याध्यापिका तुम्हीच, आणि कॉलेजने रेकॉर्ड मागितलं की ऑफिसातली क्लार्कही तुम्हीच. हायस्कूलच्या चार वर्षांचा तो एक पानी गोषवारा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट.

त्या एका पानावर काय लागतं? विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता. शाळेचं नाव, आम्ही माझ्या आजोळावरून राजापूर अकॅडमी ठेवलं. नववी ते बारावीचे विषय, प्रत्येकाचं क्रेडिट, ग्रेड, एकूण जीपीए, ग्रेड कशी ठरवली याची छोटी पट्टी, पदवीदानाची तारीख, पालकाची सही. झालं. हे सगळं एक्सेलमध्ये बसतं, त्याला वर्गणी लागत नाही. मग पैसे कशाचे?

पैसे शिस्तीचे. हा या सेवेचा खरा गुण आहे आणि त्यांच्या जाहिरातीत तो कुठेच नाही. नववीच्या पहिल्या महिन्यात खातं उघडलं की ती प्रत्येक विषयाला पुस्तक, तास, मूल्यमापनाची पद्धत विचारत राहते. रकाना रिकामा ठेवला तर लाल ठिपका दिसतो. मला तो ठिपका सहन होत नसे. त्यामुळे थोरलीने नववीत जीवशास्त्राचं कुठलं पुस्तक वापरलं, प्रयोग कोणते केले, किती तास गेले हे त्याच वर्षी लिहून झालं. माझ्या ओळखीतली एक आई हे सगळं बारावीच्या सुट्टीत जुन्या वह्या आणि ॲमेझॉनच्या पावत्या चाळून आठवत बसली होती. एका क्रेडिटला साधारण १२० ते १८० तासांचं काम धरतात. कार्नेगी युनिट या अमेरिकेतल्या शाळेच्या तासांच्या जुन्या मापाचा मूळ हिशेब १२० तासांचा आहे. हे तास चार वर्षांनी आठवून लिहिले तर सगळ्या विषयांना सारखेच गोल आकडे येतात, आणि गोल आकड्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही.

एकूण किती क्रेडिट असावीत यावर ही वेबसाइट गप्प आहे, तिथे एक ओळ टाकायला हवी होती. टेक्सासच्या पब्लिक शाळेत फाउंडेशनचा साधा आराखडा २२ क्रेडिटचा असतो आणि एंडोर्समेंटसह, म्हणजे एखाद्या शाखेच्या जादा विषयांसह, २६ चा. आपल्यावर तो बंधनकारक नाही, पण कॉलेजच्या माणसाच्या डोळ्यांना त्या आकड्यांची सवय आहे. आम्ही २६ च्या आसपास थांबलो. उत्साहाच्या भरात ३८ क्रेडिट दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट मी पाहिली आहे. भरतनाट्यम, किचन गार्डन, कोडिंग आणि स्वयंपाक, सगळ्याला एकेक पूर्ण क्रेडिट. असा कागद वाचणारा हसतो आणि मग गणितापुढच्या ए ग्रेडकडेही तसाच बघतो.

आता दोष. पहिला दोष आपल्या घरचा आहे. भाषा विषयाच्या यादीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, मँडरिन होत्या, अमेरिकन खुणांची भाषासुद्धा होती. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. 'इतर' निवडलं तर पीडीएफवर 'इतर भाषा १', 'इतर भाषा २' असंच छापून यायचं, नाव लिहायला जागाच नाही. थोरलीने बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं घालवली, घरी मी तिच्याकडून कथा आणि नाट्यप्रवेश वाचून घेतले, आजीला दर महिन्याला पत्र लिहायला लावलं, आणि कागदावर 'इतर'! हेल्पडेस्कला लिहिलं. त्या बाईंचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: स्वतःही मुलांना घरीच शिकवलंय, अडचण कळते, तात्पुरती युक्ती अशी की विषय 'ऐच्छिक' गटात टाका, तिथे नाव मोकळेपणाने लिहिता येतं. पुढच्या सत्रात भाषेच्या गटातही मोकळा रकाना आला. अर्धा तारा तिथला.

पण नाव छापून आलं म्हणजे काम झालं असं नाही. मराठीची चार क्रेडिट आईने दिली आणि आईच मराठी, हे कॉलेजला दिसतंच. इथे व्हाउचर लागतं. अवांत नावाची संस्था स्टँप डब्ल्यूएस ही भाषा परीक्षा घेते, त्यात मराठी आहे. लिहिणं आणि बोलणं तपासतात. मुलांनी घरी बोललेली मराठी लिहिताना किती लंगडते हे त्या परीक्षेच्या तयारीत कळतं, त्यामुळे आधी सराव करून घ्या. थोरलीचं बोलणं फर्डं निघालं, लिहिण्यात र्‍हस्व-दीर्घाने थोडा घात केला, तरी गुण चांगले आले. ट्रान्सक्रिप्टच्या तळटीपेत एका ओळीत तो निकाल दिला. माझ्या मते त्या पानावर सगळ्यात वजनदार ओळ तीच होती. अमेरिकेतल्या मराठी पालकांना हे फारसं ठाऊक नसतं. स्पॅनिशच्या शिकवण्या लावून मुलांना दमवतात आणि घरातली भाषा कागदावर आणायचीच राहून जाते.

जीपीएचं गणित ही सेवा बरोबर करते, निदान साधं गणित. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, गुणिले क्रेडिट, भागिले एकूण क्रेडिट. एका क्रेडिटच्या विषयात ए आणि अर्ध्या क्रेडिटच्या विषयात बी असेल तर साडेपाच भागिले दीड, म्हणजे ३.६७. अनेक आया नुसती ग्रेडची सरासरी काढून ३.५ लिहितात, अर्ध्या क्रेडिटचे विषय असतील तर तो आकडा चुकतो. पण एपी (हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि कॉलेजच्या विषयांना जादा वजन द्यायची वेळ आली की सेवेचा गोंधळ सुरू होतो. एपीला एक पॉइंट जादा देते, कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजच्या, विषयाला देत नाही, आणि हे बदलायची सोय आत तिसऱ्या मेन्यूत दडवलेली. मी तर सांगेन, वजनाचा जीपीए काढूच नका, किंवा काढलात तर साधा आणि वजनदार दोन्ही द्या. अनेक कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा मोजतात. ४.४ असा आकडा बघून आपल्यालाच गुदगुल्या होतात.

'एपी' या दोन अक्षरांबद्दलही सेवेने इशारा द्यायला हवा होता. विषयाच्या नावाआधी ती अक्षरं लावायची तर एपी आणि एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या कोर्स ऑडिटमधून आपला अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागतो. होमस्कूलच्या पालकालाही तो पाठवता येतो. तेवढा खटाटोप नको असेल तर विषयाचं नाव साधं ठेवा आणि एपी परीक्षेचे गुण वेगळे दाखवा. वेबसाइटवर मात्र एपीची टिचकी कुणीही मारू शकतं, कोणी विचारत नाही. परीक्षेला बसण्यासाठी जवळची एखादी शाळा बाहेरच्या मुलांना घेते का हे सप्टेंबरातच फोन करून विचारा. पेपरांच्या मागणीची मुदत नोव्हेंबरात संपते आणि त्यानंतर समन्वयकांच्या आवाजातला गोडवाही संपतो. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या अर्जात शाळेचा कोड विचारतील, होमस्कूलसाठी तो ९७०००० आहे.

अभ्यासक्रमाचं वर्णन लिहून देणारा भाग मला सगळ्यात कमी आवडला. हे वर्णन म्हणजे प्रत्येक विषयाला एक परिच्छेद: कुठलं पुस्तक, काय काय शिकवलं, प्रयोग किंवा निबंध कोणते, मार्क कसे दिले. सगळी कॉलेजं मागत नाहीत, चोखंदळ कॉलेजं आवर्जून वाचतात. सेवेत बटण दाबलं की तयार वाक्यं येतात, आणि ती इतकी गुळगुळीत असतात की रसायनशास्त्राचं वर्णन काढून तिथे इतिहासाचं चिकटवलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मी ती पुसली. आमच्या रसायनशास्त्राच्या वर्णनात लिहिलं की टायट्रेशन गॅरेजमध्ये केलं, ब्युरेट आणि तराजू विकत घेतला, प्रत्येक प्रयोगाची नोंद हाताने वहीत आहे आणि मागितल्यास स्कॅन पाठवू. एका कॉलेजने खरंच मागितली. वहीवर ॲसिडचे डाग होते, तशीच स्कॅन करून पाठवली.

थोडं विषयांतर, पण पैशाचं बोलतोय तर हेही बोलू. सेवेचं वार्षिक पॅकेज, वर 'तज्ज्ञाकडून ट्रान्सक्रिप्ट तपासणी'ची जोड, वर नोटरीची जोड, असं करत जी रक्कम होते त्या पैशात कम्युनिटी कॉलेजात एखादा ड्युअल क्रेडिटचा (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा) विषय घेता आला तर आधी तो घ्या. तिथे ग्रेड अनोळखी प्राध्यापक देतो आणि कॉलेज आपली अधिकृत ट्रान्सक्रिप्ट परस्पर पाठवतं. आईने गणितात ए दिला आणि कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्येही ए आला, की मग आईच्या बाकीच्या ए ग्रेडही वाचणाऱ्याला पटतात. थोरलीने अकरावी-बारावीत इंग्रजी, कॅल्क्युलस आणि अमेरिकेचं सरकार हे विषय तिथे केले. एका सेमिस्टरच्या विषयाला हायस्कूलचं अर्धं क्रेडिट द्यायचं की एक, यावर होमस्कूलवाल्यांत दोन तट आहेत. मी एक दिलं, ग्रेडच्या पट्टीत तसं लिहिलं, आणि कुणी हरकत घेतली नाही. लपवलं नाही की प्रश्न येत नाही.

नोटरीच्या जोडीबद्दल एवढंच की तुमच्या बँकेत नोटरी बहुधा फुकट करून देतात, आणि बहुतेक कॉलेजं ती मागतच नाहीत.

ही वर्गणी खऱ्या अर्थाने वसूल झाली ती कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटच्या, काळात. तिथे होमस्कूलच्या मुलाला आई किंवा बाबा काउन्सेलर म्हणून जोडावे लागतात. मुलीने निमंत्रण पाठवलं की तुमचं वेगळं खातं उघडतं, आणि मग शाळेचा अहवाल, शाळेची ओळख, काउन्सेलरचं पत्र, ट्रान्सक्रिप्ट हे सगळं तुम्ही भरायचं. वर होमस्कूलवाल्यांना जादा प्रश्न: घरी का शिकवलं, पद्धत कोणती, ग्रेड कशा दिल्या. पदवीधर वर्गात मुलं किती या रकान्यात मी एक लिहिलं. वर्गात क्रमांक? क्रमांक देत नाही. एकाच मुलीच्या वर्गात पहिली आली असं लिहिण्याचा मोह माझ्या नवऱ्याला झाला होता, तो आवरला. टेक्सासातल्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या क्रमांकावरून थेट प्रवेशाची सोय आहे. ती थोरलीच्या वेळी आमच्या वाट्याला आली नाही. पण राज्याचा कायदा सांगतो की क्रमांक पाहणाऱ्या विद्यापीठाने, क्रमांक नसलेल्या अशा मुलाला सारखे परीक्षा गुण असलेल्या इतर अर्जदारांच्या सरासरी क्रमांकावर धरायचं. म्हणजे टेक्सासात एसएटीच्या गुणांना होमस्कूलवाल्यांसाठी दुप्पट अर्थ आहे.

आणि ट्रान्सक्रिप्ट एकदा पाठवून भागत नाही. अर्जाबरोबर एक, ज्यात बारावीचे विषय 'चालू' असे दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत मध्यवर्षाचा अहवाल, पहिल्या सत्राच्या ग्रेडसह. मे-जूनमध्ये अंतिम, पदवीदानाच्या तारखेसह. तिन्ही वेळा ग्रेड बदलली की जीपीए बदलतो, तारीख बदलते, आणि एखाद्या कॉलेजला जुनी प्रत गेली की पत्रापत्री सुरू. सेवेत प्रत्येक प्रतीवर तारीख आणि आवृत्ती आपोआप पडते, कोणती कुणाला पाठवली याची नोंद राहते. सांगलीतल्या माझ्या जुन्या साहेबांना हे आवक-जावक रजिस्टर फार आवडलं असतं. साडेतीनातले दोन तारे इथले धरा.

शिफारसपत्राच्या बाबतीत मात्र सेवा काही करू शकत नाही, आणि करू पाहते हेच चूक. त्यांच्याकडे 'शिक्षकाचं पत्र' असा नमुना आहे. शिक्षक आईच असेल तर तो नमुना कुचकामी, कारण कॉलेजांना घराबाहेरच्या माणसाचा शब्द हवा असतो. आमच्याकडे एक पत्र कॅल्क्युलसच्या प्राध्यापकांनी दिलं आणि दुसरं जिथे थोरली स्वयंसेवक म्हणून जायची त्या ग्रंथालयाच्या बाईंनी.

नावाचा रकाना भरताना जरा जपून. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर ते असतं, शाळेत कुणी वापरत नाही, एसएटीच्या अर्जात अर्धे लोक गाळतात. ट्रान्सक्रिप्ट, एसएटी, कम्युनिटी कॉलेज आणि कॉमन ॲप, चारही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. सेवेत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर येतं, पूर्ण हवं असेल तर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात लिहावं लागतं. चीड आणणारं आहे, पण निभतं.

आता डिप्लोमा. सेवेचं पॅकेज असं: जाड कागद, सोनेरी उठावाचा शिक्का, निळं मखमली फोल्डर, आणि 'अधिकृत' हा शब्द जितक्या वेळा बसवता येईल तितक्या वेळा. किंमत ट्रान्सक्रिप्टच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा जास्त. हा शिक्का कंपनीचा असतो, कंपनी शाळा नाही, त्यामुळे त्याला कायद्याने काडीचीही किंमत नाही. टेक्सासात डिप्लोमा पालकच देतात आणि पालकाची सही हीच त्याची अधिकृतता. थोरलीने ज्या कॉलेजांत अर्ज केला त्यातल्या एकानेही डिप्लोमा मागितला नाही, सगळ्यांनी अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागितली. सरकारी आर्थिक मदतीच्या फाफ्सा अर्जात हायस्कूल कसं पूर्ण केलं या प्रश्नाला होमस्कूल हा पर्याय आहे. जीईडी ही हायस्कूलच्या समकक्षतेची परीक्षा द्यावी लागते ही समजूत चुकीची आहे. जीईडी दिलीच पाहिजे असं सांगणारे काका प्रत्येक मराठी मंडळात एक तरी असतातच.

डिप्लोमाला आमच्याकडे एकच खरं गिऱ्हाईक होतं: सांगलीला राहणारे माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. चार वर्षं त्यांचा फोनवर एकच प्रश्न. "सूनबाई, ते सगळं ठीक आहे, पण बोर्ड कुठलं?" बोर्ड नाही म्हटलं की पुढचा, "मग शिक्का कुणाचा?" मी म्हणायचे, "दादा, शिक्का नाही, माझी सही आहे." ते गप्प व्हायचे, मुख्याध्यापकाच्या सहीखाली गोल शिक्का नाही हे त्यांच्या डोळ्यांपुढे येतच नव्हतं. शेवटी जवळच्या छपाईच्या दुकानातून जाड कागदावर डिप्लोमा छापून घेतला, राजापूर अकॅडमीचा रबरी शिक्का ऑनलाइन मागवला, आणि दोघांचा मिळून खर्च पॅकेजच्या पाव हिश्शातही बसला. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दादांचं उत्तर आलं: "शिक्का जरा तिरका पडलाय. पण छान."

टेक्सासबाहेरच्यांनी माझं हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. न्यूयॉर्कमध्ये होमस्कूलला राज्यमान्य डिप्लोमा नाही; तिथे शाळा जिल्ह्याच्या अधीक्षकाचं समकक्षतेचं पत्र किंवा कॉलेजची २४ क्रेडिट अशा वाटा आहेत. पेनसिल्व्हेनियात २०१४ च्या कायद्यापासून पालकाने दिलेला डिप्लोमा राज्याला मान्य आहे, पण ठरलेले विषय ठरलेली वर्षं करावे लागतात, मूल्यमापकाची सही लागते आणि फॉर्म राज्याचा असतो. कॅलिफोर्नियात बरेच लोक दर ऑक्टोबरात खाजगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरतात, त्याची प्रत जपून ठेवा. ही सेवा पन्नासही राज्यांना एकच साचा विकते, राज्याप्रमाणे एक ओळही बदलत नाही. यासाठी मी एक पूर्ण तारा कापला आहे.

भारतात परत जायचा विचार असेल त्यांनी तर या कागदावर अजिबात विसंबू नये. परदेशी शिक्षणाला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता लागते आणि तिथे पहिला प्रश्न दादांचाच असतो, बोर्ड कुठलं? नोटरी करून ऑस्टिनहून राज्य सचिवांचा अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा दाखला) घेतला तरी त्याने फक्त सही आणि नोटरी खरी ठरते, बारावी ठरत नाही. माझी पुण्यातली मावसबहीण मुलाला घरी शिकवते, तिने त्याला सरळ एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेच्या बोर्डातून दहावीला बसवलं. पाच विषय, परीक्षा, आणि हातात सरकारी गुणपत्रिका. तिला ट्रान्सक्रिप्ट म्हणजे काय हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला आणि तरी ती म्हणाली, "म्हणजे मार्क तूच देतेस?" उलटी बाजूही आहे. मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेशिवाय २०१६ मध्ये एमआयटीत गेली, माहितीशास्त्र ऑलिंपियाडच्या पदकांवर. भारतातल्या आयआयटीत बारावीविना तिला दार बंद होतं. एमआयटी हायस्कूलचा डिप्लोमा सक्तीने मागत नाही. तिथेही चाललं ते बाहेरच्या परीक्षकाचं व्हाउचरच.

शेवटची तक्रार जरा मोठी. वर्गणी संपली की खातं 'वाचनापुरतं' राहतं असं जाहिरातीत लिहिलंय. प्रत्यक्षात जुनी ट्रान्सक्रिप्ट पडद्यावर दिसते, पण नवी प्रत काढायला वर्गणी पुन्हा मागतात. थोरलीला पहिल्या वर्षी कॉलेजातून बदली घ्यायचा विचार आला तेव्हा हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट पुन्हा लागली. माझ्याकडे सगळ्या आवृत्त्यांची पीडीएफ आणि आकड्यांची एक्सेल प्रत घरच्या हार्ड डिस्कवर होती म्हणून बरं. शाळा बंद पडली तरी तिचं रेकॉर्ड जपायचं काम कुणाचं तरी असतं. राजापूर अकॅडमीचं रेकॉर्ड ऑफिस म्हणजे माझ्या कपाटातला खालचा कप्पा. महिन्याला एकदा डेटा निर्यात करा, ते बटण त्यांनी सेटिंगमध्ये बारीक अक्षरात ठेवलं आहे.

धाकटा या ऑगस्टमध्ये नववीत जातोय. त्याच्यासाठी वर्गणी भरली आहे, सगळ्यात स्वस्त पॅकेज, डिप्लोमा, तपासणी आणि नोटरीच्या तिन्ही टिचक्या काढून. भाषेच्या यादीत यंदा मराठी आहे. हिंदी अजून नाही.